पटावरचे सैनिक



संगणकावरच्या युद्धखेळांविषयी कामगार चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असे आपल्यापैकी कित्येकांना वाटत असेल. परंतु या खेळांत हजारो माणसे हुकमाप्रमाणे राबतात. तेव्हा ते आमच्याही अभ्यासाचे आहेत.

२००४ साली ‘रोम : टोटल वॉर’ हा खेळ निघाला. त्यात इजिप्तचे सैन्य जुन्या फॅरोंच्या थाटाचे दाखवले होते. वस्तुतः त्या काळी तेथे टॉलेमींचे ग्रीक राज्य होते. शौकिनांनी हे हेरले आणि स्वतः खपून ‘यूरोपा बार्बरोरम’ नावाची सुधारित आवृत्ती केली. त्यांच्या मेहनतीला आमचा मुजरा.

पण खरेपणा शिरस्त्राणापाशीच संपतो काय? २००६ साली याच खेळाला ‘अलेक्झांडर’ ही पुरवणी जोडली गेली. तीत राजा मेला की मोहीम बुडाली. सैन्य मात्र खेळाडू बोट दाखवील तिकडे निघते. इतिहास काय सांगतो? इ. स. पूर्व ३२६ मध्ये पंजाबात बियास नदीकाठी, आठ वर्षांच्या चालीने आणि पावसाने गांजलेल्या सैनिकांनी पुढे जाण्यास साफ नकार दिला. कोइनोस नावाच्या सेनानीने त्यांचे गाऱ्हाणे मांडले. राजा तीन दिवस तंबूत रुसून बसला आणि अखेर मागे फिरला, असे एरियन लिहितो.

ज्याला जग जगज्जेता म्हणते, त्याला त्याच्याच माणसांनी परतवले! हा नकार ज्या पटावर उमटेल, तो खेळ आम्ही इतिहासाशी इमानी म्हणू. तोवर मुलांना खुशाल खेळू द्या. फक्त बियासकाठची हकीकत त्यांच्या कानांवर घाला.