वनौषधी आणि मनाचे विकार
(व्याख्यानाचा मजकूर)



ताप आला तर तो शेजाऱ्यालाही कळतो; मन खचले तर ते उंबऱ्याच्या आतच राहते. झोप उडते, विनाकारण धास्ती वाटते, मंदिरातही चित्त स्थिर होत नाही. त्यावर घरातून उत्तर मिळते, ‘पूर्वकर्माचा उदय!’ ज्वर आला असता मात्र याच सिद्धांताचा आधार घेऊन कोणी औषध नाकारीत नाही. मग गुपचूप अश्वगंधा किंवा ब्राह्मी आणली जाते, कारण तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आणि ‘झाडपाल्याने अपाय तो काय होणार?’ अशी समजूत असते.

या समजुतीला सर्पगंधेचा इतिहास पुरेसे उत्तर देतो. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील तिचे गुण वैद्यकीय जगासमोर मांडले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि मनोरुग्णालयांत ते वापरले जाऊ लागले. परंतु रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र उदासीनतेने ग्रासल्याच्या नोंदी लवकरच येऊ लागल्या. हा संबंध किती पक्का, यावर पुढे मतभेद झाले. तरी नैराश्याच्या रुग्णाला रेसर्पिन देऊ नये, ही सूचना कायम राहिली. जे मूळ मन शांत करते, तेच मन खचवूही शकेल, ही शंका तज्ज्ञांनी गंभीरपणे घेतली.

अश्वगंधेविषयी आशा वाटण्यास आधार आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ६४ जणांपैकी काहींना ६० दिवस तिच्या मुळाचा अर्क व इतरांना औषधविरहित गोळी देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांचा ताण अधिक कमी झाला. मात्र असे अभ्यास लहान व अल्पकाळाचे आहेत, आणि ताण म्हणजे नैराश्य नव्हे. शिवाय यकृताला इजा झाल्याच्या काही नोंदी आहेत. थायरॉईडचे विकार असणाऱ्यांनी, झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. ब्राह्मीची अडचण वेगळीच! या एकाच नावाने दोन वनस्पती विकल्या जातात, मंडूकपर्णी आणि जलब्राह्मी. पुडीत नेमके काय आहे, हे विचारूनच घ्यावे.

परदेशी असलेली मुले कधी सेंट जॉन्स वर्टच्या गोळ्या पाठवतात. सौम्य व मध्यम नैराश्यात ती उपयोगी पडते, असे २००८ साली २९ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले. पण हीच वनस्पती रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा आणि संततिनियमनाच्या गोळ्यांचा प्रभाव घटवते. नैराश्याच्या इतर गोळ्यांबरोबर ती घेणे तर धोक्याचे आहे.

श्रावकांपुढे आणखी एक प्रश्न असतो. अश्वगंधा हे मूळ. अश्वगंधारिष्ट व सारस्वतारिष्ट यांच्या मूळ पाठात मध, आणि आंबवण्यातून निर्माण होणारा मद्यार्क. मूळ नको म्हणून पानांचे चूर्ण घेणे हा उपाय नव्हे. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पाने न वापरण्याची सूचना दिली आहे. वैद्यांना आपली मर्यादा स्पष्ट सांगावी. मधाऐवजी दूध किंवा तूप चालेल का, हे विचारण्यात संकोच कसला? राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळातील उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ या वैद्यकग्रंथात मद्य, मांस, मधु वर्ज्य ठेवूनच चिकित्सा सांगितली. हा ग्रंथ १९४० साली आपल्या सोलापुरातूनच प्रकाशित झाला.

सर्वांत मोठा अपाय मात्र वेगळाच आहे. काढा सुरू केला म्हणून मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या जातात आणि आजार पुन्हा उसळतो. वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही दोन्ही औषधे दाखवावीत. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जेवणखाण सुटले, तर चूर्णावर दिवस घालवू नयेत. जगणे नकोसे वाटते असे कोणी बोलले, तर त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतून बोलता येते.