पोर पहिल्यांदा सांगेल, तेव्हाच ऐका

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई आहे. एकवीस वर्षं झाली, शिकवतेय. आज मात्र शाळेतलं नाही, माझं स्वतःचं सांगणार आहे. लहान मुलं जवळ असतील तर त्यांना खेळायला पाठवा आणि तुम्ही बसा.

मी तिसरीत होते. साल १९९०. वडिलांच्या नात्यातले एक गृहस्थ सुगीच्या दिवसांत आमच्याकडे मुक्कामाला यायचे. घरात त्यांना मोठा मान. मला खाऊ आणायचे. कणगीमागच्या अंधारात त्यांनी माझ्याशी जे केलं, त्याला काय म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दोन सुग्या हे चाललं. मग धीर करून मी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "कुणापाशी बोलू नकोस. तुझं लग्न व्हायचंय." आणि पुन्हा थापायला लागली.

त्या रात्रीपासून आई मला कुशीत घेऊन झोपू लागली. म्हणजे तिला पटलं होतं. पण त्या माणसाचा पाहुणचार चालूच राहिला.

मी शिकले, डी.एड. केलं, नोकरी लागली, संसार झाला. सगळं गाडून टाकलं असं वाटायचं. पण कुणी मागून खांद्यावर हात ठेवला, की आजही अंगाला कापरं भरतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव-गाव सांगणार नाही, कायद्यानं ते सांगायला बंदीच आहे. शाळा सुटली तरी ती घरी जायची नाही. फळा पूस, खडू वेच, काही ना काही करत राहायची. मीही लहानपणी अशीच रेंगाळायचे. एक दिवस तिच्याजवळ बसले, तिनं सांगितलं. वरिष्ठ म्हणाले, "बाई, गावाची बदनामी होईल. आईबापांवर सोडा." मी त्याच दिवशी पोलिसांत गेले.

मैत्रिणींनो, पोक्सो कायदा लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ला. अठरा वर्षांखालचं मूल, मुलगी असो की मुलगा, त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे. मोठ्या माणसानं जाणूनबुजून कळवलं नाही, तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. त्या मुलीचा जबाब तिच्या घरीच घेतला. महिला अधिकारी साध्या कपड्यांत आल्या. कोर्टात तिला त्या माणसाचं तोंडही बघावं लागलं नाही. त्याला शिक्षा झाली.

त्या रात्री मला झोप आली नाही. तिला मिळालं ते मला का नाही? दुसऱ्या आठवड्यात मी तालुक्याला वकीलबाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. पोक्सोखालच्या गुन्ह्याची तक्रार मूल मोठं झाल्यावरही करता येते, असं केंद्र सरकारनं २०१८ साली स्पष्ट केलंय. पण २०१२च्या आधी घडलेल्याला तेव्हाचाच कायदा लागतो. बलात्कारासारख्या मोठ्या गुन्ह्याला मुदत नसते. माझ्याबाबतीत घडलं ते त्या कायद्यात विनयभंगात बसत होतं, आणि त्याची मुदत होती तीन वर्षं. उशीर माफ करणं कोर्टाच्या हातात असतं, पण इतक्या वर्षांनी आशा थोडीच, असं त्या म्हणाल्या.

तीन वर्षं! ती संपली तेव्हा मी अजून शाळेत होते. तरीही मी पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली. ती आजही माझ्या कपाटात आहे. पुढं काही झालं नाही.

मग मी दुसरं केलं. भावकीतल्या एका लग्नाची यादी चालली होती, त्यात त्या माणसाचं नाव आलं. मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं. काहीजण म्हणाले, "आता कशाला? म्हातारा झाला तो." एक चुलतबहीण मात्र रडायला लागली. तिच्यासोबतही तेच झालं होतं, माझ्यानंतर चार वर्षांनी.

मैत्रिणींनो, इथं माझं काळीज तुटलं. मी सांगितलं, त्याच दिवशी कुणी त्या माणसाला उंबऱ्याबाहेर काढलं असतं, तर माझी बहीण वाचली असती.

आई आता थकलीय. त्या रात्री तिनं माझा हात धरला. म्हणाली, "बाळ, चुकलं माझं." कोर्टानं मला न्याय दिला नाही. आईच्या त्या तीन शब्दांनी थोडा दिला. त्या माणसाला आता आमच्या भावकीत कुणी बोलावत नाही. माझ्या वाट्याला आलेला न्याय एवढाच.

तुमच्या बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हे बोला. पोर सांगायला आलं तर हातातलं काम बाजूला ठेवा. "तू खोटं बोलतेस" म्हणू नका, "तूच तिथं का गेलीस" म्हणू नका. म्हणा, "तुझी चूक नाही. मी आहे." आणि पोलिसांना कळवा. एकटीला भीती वाटली तर चौघी मिळून जा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा.

मला माझ्या आईनं ऐकलं, पण तीस वर्षं उशिरा. तुम्ही उशीर करू नका.