मुंबई सँडविच : घरचे आणि बाहेरचे

मुंबईच्या व्हेज सँडविचमध्ये पांढरा ब्रेड, बटर, हिरवी चटणी, उकडलेला बटाटा व बीट, काकडी, टोमॅटो, कांदा आणि चाट मसाला असतो. गाडीवर उकडणे-वाटणे आधीच उरकलेले असते, म्हणून सँडविच पाच-दहा मिनिटांत हातात पडते. घरी मात्र कुकर लावण्यापासून सुरुवात करावी लागते. एकासाठी हा खटाटोप जड जातो. चौघांसाठी जवळपास तेवढ्याच तयारीत भागते आणि खर्चही आटोक्यात राहतो. हॉटेलच्या दरात जागेचे भाडे, पगार आणि इंधन धरलेले असते. शिवाय बिलावर सहसा 5 टक्के जीएसटी लागतो.

घरचे सँडविच अनेकदा ओलसर होते. ते टाळण्यासाठी बटर ब्रेडच्या कडांपर्यंत लावावे. या स्निग्ध थरामुळे चटणीचे पाणी ब्रेडमध्ये लवकर मुरत नाही. कोथिंबीर-मिरचीच्या चटणीत थोडे डाळे वाटल्यास ती घट्ट होते. मिठाने काकडी-टोमॅटोला पाणी सुटते, म्हणून मीठ आणि मसाला अगदी शेवटी भुरभुरावा. दांड्याचा टोस्टर मध्यम आचेवर उलटसुलट फिरवला की दोन्ही बाजू खरपूस होतात.

पावसाळ्यात स्वच्छतेचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो. चिरून उघड्यावर ठेवलेल्या भाज्या आणि कच्च्या पाण्याची चटणी यांतून पोटाचे विकार होऊ शकतात. घरी पाणी, बटर आणि मीठ या तिन्हींवर आपला ताबा राहतो. घाईच्या वेळी स्वच्छ गाडी सोयीची. लहान मुले, वृद्ध आणि पथ्य असलेल्यांसाठी घरचे सँडविच अधिक चांगले.