कुलपावाचून व्यापार

जी वस्तू निर्माण करण्यास कित्येक वर्षे लागतात, परंतु जिची नक्कल करण्यास पळभरही लागत नाही, ती विकून कर्त्याने आपला चरितार्थ कसा चालवावा, हा प्रश्न ग्रंथकार, गायक आणि कारागीर यांच्यापुढे फार पूर्वीपासून आहे. व्हिडिओ गेम, म्हणजे संगणकावर खेळावयाचे खेळ, तयार करणाऱ्यांपुढे तो विशेष तीव्रतेने उभा राहिला आहे. पाचदहा माणसांनी तीन-चार वर्षे खपून रचलेला खेळ प्रसिद्ध होतो आणि त्याच दिवशी त्याची चोरटी प्रत जगभर फुकट फिरू लागते. मूळ प्रतीत आणि नकलेत तिळमात्र फरक नसतो. यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे कुलूप. खरेदीचा पुरावा दिल्यावाचून खेळ उघडूच नये अशी यंत्रणा त्यात घालणे. या कुलपावाचून व्यापार चालेल काय, आणि चालवावयाचा तर कोणत्या रीतीने, याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम मावळात जाणे सोयीचे होईल. कारण नकलेचा हा प्रश्न त्या मुलखाने दोन निराळ्या वस्तूंच्या बाबतीत पाहिलेला आहे. त्यांपैकी एक चिक्की आणि दुसरी तांदूळ.

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला आणि मुंबई-पुण्याच्या वाटेवर लोणावळे हे विसाव्याचे ठिकाण बनले. गूळ आणि शेंगदाणे यांची गुडदाणी महाराष्ट्रात घरोघर होत असे. प्रवाशाने आठवणीने घरी न्यावयाचा जिन्नस म्हणून चिक्की या नावाने तिला कीर्ती मिळाली ती लोणावळ्यास. मगनलाल या नावाने प्रसिद्ध असलेले दुकान आपला आरंभ १८८८ सालचा सांगते, आणि रेल्वेच्या कामगारांना गुडदाणी विकण्यापासून हा धंदा वाढला, अशी हकीकत सांगण्यात येते. आज गावात चिक्कीची दुकाने किती तरी आहेत, आणि त्याच नावाशी मिळतीजुळती नावे लावलेल्या पाट्या पाहून नवखा प्रवासी गोंधळून जातो.

येथे नक्कल दोन प्रकारची आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. चिक्कीची कृती ही कोणाची मिरास नव्हे. गुळाचा पाक थंड पाण्यात टाकून पाहावा, तो कडकन मोडला की दाणे घालावेत, पाटावर लाटावे, गरम असतानाच वड्या कापाव्यात. ही विद्या ज्याला हवी त्याने शिकावी. दहा दुकाने चिक्की करू लागली म्हणून पहिल्या दुकानाचे नुकसानच झाले असे नाही. उलट लोणावळ्यास उतरले की चिक्की घ्यावयाची, ही चाल त्या दहा दुकानांनी मिळून पाडली. परंतु दुसऱ्याचे नाव आपल्या खोक्यावर छापणे ही निराळी गोष्ट आहे. तीत गिऱ्हाईक फसतो, आणि ज्याने नाव कमावले त्याची पत बुडते. म्हणूनच १९९९ चा व्यापारचिन्हांचा कायदा कृतीला कुंपण घालीत नाही. तो नावाचे रक्षण करतो.

शिवाय खोक्याची नक्कल होते, तशी ताजेपणाची होत नाही. मावळच्या पावसात चार दिवस उघडी राहिलेली चिक्की सादळते. ज्या दुकानात माल रोज होतो आणि रोज खपतो, तेथील वडी दातांखाली कुरकुरते. नकलाकाराला ते साधावयाचे तर त्यालाही रोज भट्टी पेटवावी लागेल, आणि तशी ती त्याने पेटवली की तो नकलाकार न राहता प्रतिस्पर्धी होतो. चिक्कीवाल्याचे खरे संरक्षण आहे ते या ठिकाणी.

लोणावळ्याहून इंद्रायणीच्या खोऱ्याने खाली आले की वडगाव लागते. तेथील कृषी संशोधन केंद्राने, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून निवड करीत करीत, इंद्रायणी हा सुवासिक भाताचा वाण सिद्ध केला. १९८७ साली तो प्रसारित झाला. हा सरळ वाण आहे. भात हे स्वतःच्याच परागाने फळणारे पीक असल्यामुळे जो दाणा शिजविण्यास चालतो तोच पेरण्यासही चालतो. शेतकऱ्याने एकदा बियाणे विकत घ्यावे, पुढील वर्षी आपल्याच खळ्यावरील भात पेरावा, पायलीभर व्याह्याला द्यावा. कोणी अडविणारा नाही. वर्षानुवर्षांच्या संशोधनाची नक्कल निसर्गच फुकट करून देतो. खेळाच्या प्रतीशी याचे साम्य स्पष्ट आहे.

बियाण्यालाही कुलूप लावता येते. संकरित बियाण्याचे पीक जोमदार येते, परंतु त्याच पिकाचा दाणा पुन्हा पेरला तर झाडे एकसारखी निपजत नाहीत, आणि शेतकऱ्यास दर वर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. याच्याही पलीकडे जाऊन, पिकाचा दाणा उगवूच नये अशी योजना असलेल्या ‘टर्मिनेटर’ तंत्राचे पेटंट १९९८ साली अमेरिकेत एका कापूस-बियाणे कंपनीने आणि तेथील शेतीखात्याने मिळून घेतले. त्याविरुद्ध जगभर ओरड झाली. भारताच्या २००१ च्या वनस्पतिवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने अशा तंत्राच्या वाणाला नोंदणीच नाकारली. त्याच कायद्याने शेतकऱ्यास बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला. मना केली ती एकच गोष्ट, नोंदलेल्या वाणाच्या नावाची चिठ्ठी लावून बंद पिशवीत बियाणे विकण्याची. व्यवहार कोठे संपतो आणि फसवणूक कोठे सुरू होते, याची रेषा इतकी स्वच्छ क्वचितच आखलेली आढळेल.

असे असूनही इंद्रायणीचे प्रमाणित बियाणे विकले जाते. घरचे बियाणे पेरता पेरता त्यात दुसऱ्या वाणाचे दाणे मिसळतात, शेतात उंच-बुटकी झाडे दिसू लागतात, सुवास आणि भाव दोन्ही उतरतात. म्हणून सरळ वाणाचे बियाणे दर तीन वर्षांनी बदलावे, असा कृषिखात्याचा सल्ला आहे. निळ्या चिठ्ठीच्या पिशवीसाठी शेतकरी पैसे मोजतो ते उगवणीच्या आणि शुद्धतेच्या हमीसाठी. दाणा तर त्याच्या घरी असतोच.

आता मूळ विषयाकडे वळावे. खेळ तयार करणाऱ्यांनी कुलपांचे प्रयोग पुष्कळ केले. २००८ साली ‘स्पोअर’ हा मोठा गाजावाजा झालेला खेळ निघाला, तेव्हा विकत घेणाऱ्याने तो आरंभी तीनच वेळा संगणकावर चढवावा असे बंधन होते. परिणाम असा झाला की चोरट्या प्रतीला कसलेच बंधन नव्हते, ती लक्षावधी लोकांनी उतरवून घेतली, आणि पैसे मोजणारा मात्र तक्रारी करीत बसला. २०१० साली युबिसॉफ्ट कंपनीने ‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड २’ या खेळास इंटरनेटची सतत जोडणी आवश्यक केली. काही दिवसांतच कंपनीचे यंत्रागार बंद पडले आणि प्रामाणिक ग्राहकांनाच खेळता येईना. चोराने कुलूप फोडले की ते त्याच्यापुरते नाहीसे होते. ते कायम राहते ते ज्याने पैसे दिले त्याच्याच दाराला.

याउलट पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या मंडळीचा मार्ग पाहावा. १९९४ साली ती स्थापन झाली तेव्हा तेथील आठवड्याच्या बाजारांत चोरट्या खेळांची रास लागलेली असे. १९९९ साली तिने ‘बाल्डर्स गेट’ हा परदेशी खेळ विकावयास काढला, तो संपूर्ण पोलिश भाषेत, नामांकित नटांच्या आवाजांत. पेटीत नकाशा आणि पुस्तिका घातली आणि किंमत बेताची ठेवली. बाजारातील उघड्या तबकडीत यांतले काहीच नव्हते. पुढे २००८ साली तिने जुने खेळ कुलपाविना विकणारे दुकान इंटरनेटवर उघडले, आणि २०१५ चा आपला ‘द विचर ३’ हा खेळ पहिल्या दिवसापासून बिनकुलपी दिला. तो जगभर अफाट खपला. याच मंडळीने मध्यंतरी जर्मनीत चोरट्या प्रतींच्या संशयितांना वकिलांमार्फत पत्रे पाठविली होती. परंतु निरपराधांनाही ती जातील अशी ओरड होताच २०१२ च्या आरंभी तिने तो उद्योग बंद केला. शेकडो चोरांना गाठण्यापेक्षा एका प्रामाणिकाचा विश्वास गमावणे महाग पडते, हे तिने ओळखले.

तथापि कुलूप काढले की चोरी थांबते, असा भोळा समज कोणी करून घेऊ नये. २०१३ साली ग्रीनहार्ट गेम्स या दोन भावांच्या छोट्या संस्थेने ‘गेम डेव्ह टायकून’ हा खेळ कुलपाविना काढला. पहिल्या दिवसाच्या अखेरीस खरी प्रत खेळणारे २१४ आणि चोरटी खेळणारे निदान ३१०४ निघाले. या भावांनी एक गंमत केली होती. चोरटी म्हणून फिरणारी एक प्रत त्यांनी स्वतःच सोडली होती, आणि तीत खेळाडूची काल्पनिक कंपनी चोरट्या प्रतींमुळेच बुडत असे. काही खेळाडू तर, या चोरीला आळा घालण्याचा उपाय खेळात कोठे सापडेल, असे विचारू लागले! चोरी करणाऱ्याला चोरीचे दुःख कळावे यासाठी याहून सौम्य आणि याहून मार्मिक युक्ती सापडणे कठीण. ती वार्ता जगभर पसरली आणि खेळाचे नाव झाले.

मोठ्या कंपन्यांच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. खेळाची बरीचशी विक्री पहिल्या काही आठवड्यांत होते; तेवढे दिवस कुलूप टिकले, तर त्यांना त्याचा लाभ होतो. परंतु ते टिकविण्याचा खर्च छोट्या संस्थेस झेपणारा नसतो, आणि लाभाचे दिवस संपल्यावरही ते दाराला तसेच लटकत ठेवण्यास कोणतेच समर्थन नाही.

त्या लटकत राहिलेल्या कुलपाचा धोका २०२४ साली दिसून आला. ‘द क्रू’ हा खेळ कंपनीच्या यंत्रागाराशी जोडल्यावाचून चालत नसे. मार्चअखेर ते यंत्रागार बंद झाले, आणि पैसे देऊन घेतलेला खेळ सर्वांच्याच हातून गेला. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडविली गेली आणि तेरा दिवसांनी तरली, ही कथा सर्वश्रुत आहे. ज्यांनी तुकोबांचे अभंग उतरून ठेवले असे परंपरा सांगते, त्या संताजी जगनाडे यांची समाधी मावळातच, सुदुंबऱ्यास आहे. तुकोबांना अभंग विकावयाचे नव्हते, तेव्हा व्यापाराच्या बाबतीत ही तुलना लागू पडत नाही. परंतु टिकून राहण्याच्या बाबतीत ती पुरेपूर लागू पडते. जी रचना अनेकांच्या हाती असते ती तरते. जिची किल्ली एकाच्याच हाती, ती त्या किल्लीबरोबर बुडते.

तर मग खेळ रचणाऱ्याने करावे काय? चिक्कीवाल्याप्रमाणे माल ताजा ठेवावा. विकत घेणाऱ्यास सुधारणा, नवे भाग आणि अडचणीत मदत वेळेवर मिळावी. बियाण्याच्या चिठ्ठीप्रमाणे हमी द्यावी. चोरट्या प्रतीबरोबर संगणकात शिरणारे विषाणू आपल्या प्रतीत नाहीत, हा भरवसा लहान गोष्ट नव्हे. किंमत देशाची ऐपत पाहून ठरवावी, आणि विकत घेण्याची वाट चोरीच्या वाटेपेक्षा सोपी करावी. कायद्याचा बडगा राखून ठेवावा तो नकलांचा धंदा करणाऱ्यासाठी, दुसऱ्याच्या नावावर पोट भरणाऱ्यासाठी.

उरलेला भार ग्राहकावर पडतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. शेतकऱ्यास बियाणे वाटण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. खेळाची प्रत वाटण्याचा तसा हक्क कोणास नाही. भारताच्या प्रतिमुद्राधिकाराच्या कायद्याने संगणकाच्या प्रणालीची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणे हाही अपराध ठरविला आहे. तथापि घराघरात पोलीस बसविता येत नाही, आणि बसवूही नये. मुलाने ‘फुकट मिळाला’ म्हणून खेळ आणला, तर तो कोणी रचला, हा प्रश्न आईबापांनी त्यास विचारावा. उत्तर नेहमी परदेशचेच निघेल असे नाही. ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांच्या वातावरणात घडणारा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला, आणि तो रचणारी नॉडिंग हेड्स गेम्स ही छोटी संस्था पुण्याची आहे. अशा संस्थेपाशी मजबूत कुलूप घेण्याइतका पैसा नसतो. तिचा पुढचा खेळ निघेल की नाही, हे पहिल्या खेळाचे मोल किती घरांनी दिले यावर ठरते. दार उघडे ठेवून विकणाऱ्याने ग्राहकाच्या सचोटीवर विसंबून आपली रोजीरोटी पणास लावलेली असते. तो विश्वास सार्थ करणे न करणे सर्वस्वी घेणाऱ्याच्या हाती आहे.