वचन कोणतं, योगायोग कोणता



संमेलनाच्या अध्यक्षाने सगळ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. ती मी आज मोडणार आहे. तांत्रिक लेखनाची दशा आणि दिशा यांवर बोलायला आपल्यात पुष्कळ जण समर्थ आहेत. मला एका फोल्डरबद्दल बोलायचंय.

लिनक्स कर्नलच्या सोर्स कोडमध्ये 'डॉक्युमेंटेशन' नावाचं दालन आहे आणि त्यात 'फाइलसिस्टिम्स' नावाचा कप्पा. फाइल उघडणं, लिहिणं, तिचं नाव बदलणं, ती पुसणं हे सगळं कर्नलच्या ज्या थरातून जातं, त्या व्हीएफएसचे नियम तिथे लिहिलेले आहेत. आपल्या खिशातले अँड्रॉइड फोन आणि आपला डेटा सांभाळणारे असंख्य सर्व्हर याच थरावर चालतात. मुख्य दस्तऐवजाच्या माथ्यावर १९९९ सालचं रिचर्ड गूच यांचं नाव आहे, खाली २००५ सालचं पेक्का एनबर्ग यांचं. 'प्रॉक' फाइलसिस्टिमचा शेजारचा दस्तऐवजही १९९९चाच. त्यात मेमरीच्या आकड्यांचा अर्थ सांगताना 'बफर्स'बद्दल लिहिलं होतं की हा आकडा फार मोठा होऊ नये, वीस एमबीच्या आसपास. मशीनची मेमरी गिगाबाइटांत मोजायला लागून जमाना लोटला, तरी ते वीस एमबी तिथेच होते. ते वाचून एखादा नवा प्रशासक घाबरून सर्व्हर रीस्टार्ट करत असेल, तर त्याला हसू नका. त्याने दस्तऐवजावर विश्वास ठेवला, एवढंच.

हे असं का होतं? आळस हे उत्तर सोपं आहे आणि बरंचसं चुकीचं. कर्नल बाहेरच्या प्रोग्रामना दिलेला शब्द सहसा मोडत नाही. जुना प्रोग्राम नव्या कर्नलवर चाललाच पाहिजे, यावर लिनस टोरवाल्ड्स अडून बसतात. पण कर्नलच्या आतले इंटरफेस स्थिर ठेवायला ही मंडळी स्पष्ट नकार देतात. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि आतल्या भिंती हलतात. फाइलसिस्टिम माउंट करण्याची आतली पद्धतच घ्या. आधी 'गेट-एसबी' होतं, २०१० च्या सुमारास 'माउंट' आलं, २०१९ मध्ये 'फाइलसिस्टिम कॉन्टेक्स्ट' आलं. 'बिग कर्नल लॉक' २०११ मध्ये हद्दपार झालं. २०१६ मध्ये डिरेक्टरीच्या म्युटेक्सच्या जागी रीड-राइट सेमाफोर आला, म्हणजे एकाच डिरेक्टरीत अनेकांना एकाच वेळी नावं शोधता येऊ लागली. पण डिरेक्टरी एका वेळी एकालाच वाचू देणारी जुनी 'इटरेट' पद्धत पुरती जायला २०२३ उजाडलं. मधल्या सात वर्षांत दोन्ही पद्धती खऱ्या होत्या. अशा काळात दस्तऐवज बरोबर की चूक, हे वाचणारा कोणती फाइलसिस्टिम उघडून बसलाय त्यावर ठरतं.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव असतं, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात आणि फेरफार कुणी नोंदवलेलाच नसतो. या कप्प्यात दोन्ही कागद आहेत. व्हीएफएस आणि लॉकिंग हे दस्तऐवज म्हणजे सातबारे. आज काय आहे ते सांगणारे. 'पोर्टिंग' ही फेरफाराची वही. काय बदललं, प्रत्येक नोंदीपुढे 'बंधनकारक', 'शिफारस' की 'माहितीसाठी' असा शेरा. मला विचाराल तर सगळ्या कप्प्यात मला हीच वही सर्वाधिक विश्वासाची वाटते. ती रुक्ष आहे, फटकळ आहे. व्हीएफएसचे मेंटेनर अल व्हिरो यांच्या नोंदी वाचताना कुणीतरी डोळे वटारून बघतंय असं वाटतं. पण प्रत्येक नोंद बदल करणाऱ्यानेच बदलासोबत लिहिलेली असते. नोंद जुनी झाली तरी खोटी होत नाही, कारण ती एका घटनेची नोंद आहे.

गेल्या दहा वर्षांत या दालनाची मोठी रंगरंगोटी झाली. २०१६ मध्ये जॉनथन कॉर्बेट यांच्या देखरेखीखाली दस्तऐवज बिल्ड करणारं स्फिंक्स हे साधन आलं. २०१९ मध्ये व्हीएफएसचा दस्तऐवज साध्या टेक्स्टमधून नव्या साच्यात गेला आणि २०२० मध्ये मावरो कार्वाल्यो शेहाब यांनी कप्प्यातल्या फाइलींमागून फाइली बदलून टाकल्या. काम प्रचंड होतं आणि ते करायलाच हवं होतं. तुटलेले संदर्भ आता बिल्ड करतानाच ओरडतात, कोडमधल्या कॉमेंट थेट पानात ओढता येतात. मात्र साचा बदलणं आणि मजकूर अद्ययावत करणं यांची गल्लत करू नका. चुकीचं वाक्य सुबक टाइपात आलं की अधिक खरं वाटतं, हा त्यातला धोका.

आता मुद्द्याचं. फाइलसिस्टिमचा दस्तऐवज अद्ययावत करायचा म्हणजे कोड वाचून त्याचं वर्णन नव्याने लिहायचं, असा आपल्यातल्या अनेकांचा समज आहे. कोड आज जे करतो त्यातलं काही वचन असतं आणि काही निव्वळ योगायोग. कोडकडे बघून या दोहोंतला फरक कळत नाही. तो कुणीतरी ठरवावा लागतो आणि लिहावा लागतो.

२००९ चं प्रकरण तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. लिनक्सच्या ईएक्सटी३ या फाइलसिस्टिममध्ये डीफॉल्ट व्यवस्थेत फाइलचा मजकूर डिस्कवर गेल्याशिवाय तिच्या मेटाडेटाची नोंद जर्नलमध्ये पक्की होत नसे, आणि ही पक्की नोंद दर पाच सेकंदांनी होई. त्यामुळे नवी फाइल लिहायची आणि तिचं नाव बदलून जुनीच्या जागी बसवायची, ही युक्ती 'एफसिंक' हा मजकूर डिस्कवर पोहोचवायला लावणारा सिस्टिम कॉल न बोलावताही निभावून जाई. हे वचन कुणी दिलेलं नव्हतं. पण डेस्कटॉपचे प्रोग्राम त्यावर विसंबले. मग ईएक्सटी४ आली, तिने वेगासाठी डिस्कवरची जागा उशिरा नेमायला सुरुवात केली, आणि मशीन अचानक बंद पडल्यावर लोकांना आपल्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या सापडल्या. ईएक्सटी४चे मेंटेनर थिओडोर त्सो यांचं म्हणणं की प्रोग्राम चुकीचे आहेत, पॉसिक्स मानकाने असं काही कबूल केलेलं नाही. वापरणाऱ्यांचं म्हणणं, काल चालत होतं. शेवटी ईएक्सटी४ मध्ये तोड काढली: नाव बदलून जुनी फाइल झाकली जात असेल, तर नव्या फाइलची जागा लगेच नेमून मजकूर खाली ढकलायचा. त्या पर्यायाचं नाव 'ऑटो-डीए-अलॉक'. दस्तऐवजात त्याची नोंद आहे आणि ती माझ्या मते वाचण्यासारखी आहे, कारण जे प्रोग्राम 'एफसिंक' करत नाहीत त्यांना तिथे सरळ 'मोडके' म्हटलंय. लेखक म्हणून मला तो शब्द खटकतो, तरी तो काढू नये असंही वाटतं. ही सोय उपकार म्हणून दिली आहे, हक्क म्हणून नव्हे, हे त्या एका फटकळ शब्दातून कळतं. कुणी तिथे सौम्य भाषा घातली, तर दहा वर्षांनी तोच उपकार वचन ठरेल.

दुसरं प्रकरण २०१८ चं, आणि अधिक गंभीर. डेटाबेस 'एफसिंक' बोलावतो, डिस्क एरर देते, 'एफसिंक' अपयश कळवतं. डेटाबेस पुन्हा 'एफसिंक' करतो. या वेळी यश. पोस्टग्रेस डेटाबेसच्या मंडळींचा समज होता की याचा अर्थ मजकूर आता पोहोचला. प्रत्यक्षात पहिल्या अपयशानंतर कर्नलने त्या मजकुराच्या मेमरीतल्या पानांवर 'स्वच्छ' अशी खूण केलेली होती. दुसऱ्या खेपेला लिहायला काही उरलंच नव्हतं. जुन्या कर्नलमध्ये तर एरर एकदा कुणीही वाचली की पुसली जाई, मग ज्याला ती हवी होती त्याला कळतही नसे. गंमत बघा, कर्नल डेव्हलपर जेफ लेटन यांनी २०१७ मध्ये, ४.१३ आवृत्तीत, एरर कळवण्याची नवी व्यवस्था आणली, तेव्हा व्हीएफएसच्या दस्तऐवजात त्यावर वेगळा विभागही घातला. पॅचसोबत दस्तऐवज, अगदी आदर्श वागणूक. पण तो विभाग फाइलसिस्टिम लिहिणाऱ्यांसाठी होता. डेटाबेस लिहिणारा मॅन पेज वाचतो, आणि अपयशानंतर पानांचं काय होतं याचं सरळ उत्तर त्याला तिथे मिळत नव्हतं. पोस्टग्रेसने फेब्रुवारी २०१९ च्या सुधारणांत निर्णय घेतला: 'एफसिंक' फसलं की सर्व्हर सरळ पाडायचा आणि लॉगवरून पुन्हा उभा करायचा.

दोन दशकं एका सिस्टिम कॉलचा अर्थ दोन जाणत्या समाजांनी वेगवेगळा लावला होता आणि दोघांकडे कागद होते. म्हणून मी म्हणतो, कागदाची तारीख बघण्याआधी तो कुणाला उद्देशून आहे ते बघा.

वचन कोणतं आणि योगायोग कोणता, या प्रश्नाला नवी पिढी वेगळ्या बाजूने भिडते आहे. मे २०२४ मध्ये सॉल्ट लेक सिटीत फाइलसिस्टिमवाल्यांची परिषद झाली, तिथे कर्नलच्या सी फंक्शनांवरच्या रस्ट भाषेतल्या आवरणांवरून खडाजंगी उडाली. उदाहरण 'आयगेट-लॉक्ड' या फंक्शनचं होतं. ते आयनोड, म्हणजे फाइलची कर्नलमधली नोंद, परत देतं. तो आधीचा असेल किंवा नुकता घडवलेला. नवा असेल तर तो भरून कुलूप काढायची जबाबदारी बोलावणाऱ्याची. सी भाषेत हे एक फ्लॅग तपासून लक्षात ठेवायचं; रस्टवाल्यांना ते टाइपमध्येच बांधायचं होतं, म्हणजे विसरणारा कंपाइलच करू शकणार नाही. जुन्या मंडळींचा आक्षेप होता की उद्या सी बदललं तर ही आवरणं कोण बदलणार? मला दोन्ही बाजू पटतात. एवढं मात्र खरं की टाइप लिहायला बसलं की कागदावरची संदिग्धता लपवता येत नाही. हे फंक्शन कोणतं लॉक धरून बोलवायचं, या प्रश्नाला 'सहसा' हे उत्तर चालत नाही.

आपण मराठी मंडळी या कामाला परकी नाही. पुण्यात वेरिटासच्या केंद्रात फाइलसिस्टिमवर वर्षानुवर्षं काम झालं आणि त्या शाळेत तयार झालेली माणसं आज जगभर स्टोरेजच्या क्षेत्रात आहेत. कोड लिहिणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. मी पुन्हा पुन्हा बघतो की कागदाचं काम मात्र नव्या मुलाकडे जातं, शिकेल म्हणून. हा उलटा न्याय आहे. कोणती पद्धत कोणतं लॉक धरून बोलवायची हे सांगणाऱ्या लॉकिंगच्या कोष्टकातला एक 'हो' चा 'नाही' करायचा तर ती पद्धत बोलावणाऱ्या सगळ्या जागा वाचाव्या लागतात आणि जिथे दोन जागा एकमेकींशी जुळत नाहीत, तिथे मेंटेनरला विचारावं लागतं: हे असंच हवंय, की राहून गेलंय? निम्म्या वेळा उत्तर येतं की राहून गेलंय, आणि मग कागदाऐवजी कोड सुधारतो. हे काम टीममधल्या सगळ्यात जाणत्या माणसाचं आहे.

एक सूचना आली आहे की हे दस्तऐवज मराठीत आणावेत. चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश भाषांतली भाषांतरं कर्नलमध्येच आहेत. कल्पना मला आवडते, पण पाठिंबा अटीवर आहे. दर दोन-अडीच महिन्यांनी मूळ मजकुराशी ताडून बघणारा एक माणूस नावानिशी नेमल्याशिवाय एकही पान उचलू नये. आणि सुरुवात फेरफाराच्या वहीपासून करावी, सातबाऱ्यापासून नको. जुनी नोंद निदान खोटी तरी ठरणार नाही.

दुपारच्या सत्रात आपण लॉकिंगचं कोष्टक उघडणार आहोत. २०२२ मध्ये 'रीडपेज' जाऊन 'रीड-फोलिओ' आलं, तेव्हापासूनच्या पान-कॅशच्या ओळी एकेक करून कोडशी ताडायच्या आहेत. लॅपटॉपवर ताजा सोर्स उतरवून घेऊन या. सभागृहातल्या नेटवर विसंबू नका.