‘ह्वा’ : एक चिनी अक्षर



सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत शिकले आणि १९३८ सालीं भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, हें आपणांस ठाऊक आहेच. त्याच परळांतल्या राजकमल कलामंदिरानें १९४६ सालीं त्यांच्या चरित्रावर बोलपट काढला. मला आज बोलावयाचें आहे तें त्यांच्या चिनी नांवांतील अखेरच्या एका अक्षराविषयीं.

तें नांव ‘ख तीह्वा’. रोमन लिपीवरून आपण ‘के दिहुआ’ असें वाचतों, तें चुकीचें. येथें आपली बाळबोध लिपीच कानाशीं अधिक इमान राखते. ‘ह्वा’ म्हणतांना आवाज खालून वर न्यावयाचा, आपण नवलानें ‘काय?’ विचारतों तसा. अटल, चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी या पांचही डॉक्टरांच्या चिनी नांवांच्या शेवटीं हेंच अक्षर जोडलेलें आहे.

‘ह्वा म्हणजे चीन’ असें मी वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. निवृत्तीनंतर तें अक्षर गिरवावयास बसलों, तेव्हां माझें सांगणें अर्धेंच होतें हें उमगलें. जुन्या वळणांत त्याच्या माथ्यावर गवताची खूण असे, कारण मूळ अर्थ फूल, बहर. त्यावरून तेज, वैभव. आणि देश म्हणून चीनहि. १९५६ सालच्या लिपिसुधारणेनंतर चीनमध्यें तें सहाच रेघांत लिहूं लागले : वर केवळ उच्चार सुचविणारें एक अक्षर, खालीं अधिक चिन्हासारखा दहाचा आंकडा. गवत गेलें आणि फूलहि दिसेनासें झालें!

परंतु अर्थ कळला म्हणजे वापर कळला असें नव्हे. वेणींत माळावयाच्या फुलाला आज निराळें अक्षर आहे. उच्चार हाच, आवाज मात्र चढत नाहीं, वरच्या पट्टींत सपाट राहतो. आपलें ‘ह्वा’ बहुधा जोडशब्दांत भेटतें. ‘ह्वा-रन्’ म्हणजे चिनी वंशाचा माणूस. पोकळ भपक्याला ‘फुलोरा आहे, फळ नाहीं’ अशा अर्थाचा चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे, त्याचा प्रारंभ याच अक्षरानें होतो. आणि कुमारजीवानें इ. स. ४०६ मध्यें ‘सद्धर्मपुंडरीक’ सूत्र चिनींत आणलें, त्याच्या नांवांतलें आपलें संस्कृत कमळ लिहितांनाहि हेंच अक्षर आलें. तेथें फूल अजून ताजें आहे.

कोटणीस ही भाषा शिकले आणि चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेंत वैद्यक शिकवूं लागले. १९४२ च्या ऑगस्टांत त्यांना मुलगा झाला. सेनापति न्ये रुंगचन् यांनीं त्याचें नांव ठेवलें ‘इन्-ह्वा’. ‘इन्’ म्हणजे भारत. त्याच्या शेजारीं ‘ह्वा’चा अर्थ फूल करून चालत नाहीं, तेथें चीनच. त्याच वर्षीं ९ डिसेंबरला कोटणीस वारले. वय अवघें बत्तीस. मुलगाहि १९६७ सालीं गेला, त्यालाहि वैद्यच व्हावयाचें होतें.

चिनींत उमेदीच्या वयाला ‘न्येन्-ह्वा’ म्हणतात, वर्षांचा बहर. हा शब्द मी रोज वहींत गिरवतों. त्याच पानावर इन्-ह्वाचें नांव असलें कीं पान उलटून पुढच्या पानावर लिहितों.