पार्टनर कसला?

(सोलापुरातल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



पार्सलवाली कंपनी आपल्या पोराला कामगार म्हणत नाही. पार्टनर म्हणते. भागीदार! गाडी पोराची, हप्ता पोराचा, पेट्रोल पोराचं, मोबाईल पोराचा. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन तेवढं फुकट. कंपनीचं काय? ॲप आणि दर. दर कधी बदलेल ते भागीदाराला विचारत नाहीत.

हिशेब करू. समजा, पार्सलमागं 14 रुपये. साठ पार्सलं उचलली, बारा परत आली. कुणी फोन उचलला नाही, कुणाचा पत्ता चुकीचा. परतीचे पैसे नाहीत असं धरा. 48 चे झाले 672. सत्तर किलोमीटर फिरला, पेट्रोल 160. टायर, सर्व्हिसिंग, हप्ता मिळून रोजचे 100 धरा. उरले 412. दहा तासांचे. तासाला एक्केचाळीस रुपये, भागीदारसाहेब!

कंपनी म्हणते, नफाच सुटत नाही. खोटं नाही ते सगळंच. ट्रकमधून हजारो पार्सलं एकदम येतात, खर्च वाटला जातो. हबपासून दारापर्यंत मात्र एक माणूस, एक गाडी, एकेक दार. महाग टप्पा हाच. तो स्वस्त करायचा तर पत्ते आधी तपासा, एका भागातली पार्सलं एकाच्या हाती द्या, परती कमी करा. जुळे सोलापुरात एका अपार्टमेंटमध्ये दहा पार्सलं सुटतात. हद्दवाढ भागात दहा पार्सलांना अर्धा दिवस जातो. दर मात्र दोन्हीकडं सारखाच ठेवतात. डोकं चालवायला मॅनेजर लागतो, दर कापायला नुसतं बोट.

ही युक्ती सोलापूरला नवी नाही. आपल्या गावच्या बिडीवाल्या बाया बघा. घर त्यांचं, दिवा त्यांचा, मजुरी हजारी. पाला कमी पडला तर पदरचा घालायचा, वर बिड्यांची छाट. मालक म्हणायचे, घरात बसून वळते, ती आमची कामगार कशी? 1966 च्या बिडी-सिगार कायद्यानं घरी वळणारीलाही कामगार ठरवलं. मालक कोर्टात गेले. 1974 साली सुप्रीम कोर्टानं कायदा उचलून धरला.

आणि आज? 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार हा शब्द आला, पण मालक-नोकर नात्याच्या बाहेरचा म्हणूनच. कंपनीनं उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत द्यायचे, तेही कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतच. किमान वेतनाचं नाव नाही. आजीनं जिंकलेलं नातवाच्या वाट्याला येऊ दिलं नाही.

कुणी म्हणेल, ॲप जात विचारत नाही. बरं! मार्च 2024 मध्ये झोमॅटोनं शुद्ध शाकाहारी जेवणासाठी वेगळा ताफा आणि हिरवा पोशाख जाहीर केला. ओरड झाली तेव्हा दुसऱ्याच दिवशी हिरवा पोशाख मागं घेतला. पोशाख गेला, सोवळं डोक्यात आहेच. बाबासाहेबांनी 1938 साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांना दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे दोघं एकाच मोबाईलात सापडतील असं तेव्हा कुणाला वाटलं असेल?

आता काम. महिनाभर प्रत्येकानं वही ठेवायची. किती किलोमीटर, किती पेट्रोल, हबवर किती वेळ ताटकळलो, किती परती, किती कापले. ॲपवरच्या दराचा रोज फोटो काढायचा. पेट्रोल वेगळं मिळावं, परतीच्या फेरीचे पैसे मिळावेत, कारण न सांगता आयडी बंद करू नये, एवढं मागायला आकडे लागतात. वह्या पुढच्या बैठकीला आणा. कोऱ्या आणू नका.